पेटीतले चार पोपट आणि नंबराची चकती

या वेळी प्रयोगशाळेतलं काही नाही. एका लाकडी पेटीबद्दल लिहिते आहे. पण ज्यांना पुढे संशोधनात पडायचं आहे त्यांनी वाट थोडी वाकडी करून ही पेटी बघावी असं मला मनापासून वाटतं. का वाटतं ते सांगायला जरा लांबण लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

पेटी साधारण ४० सेंटिमीटर उंच, २८ रुंद आणि ११ खोल. म्हणजे आपल्या डिपार्टमेंटमधली कीटकपेटी भिंतीला उभी टेकवली तर जेवढी दिसेल, साधारण तेवढीच. समोर काच. आत पांढऱ्या भिंतीपुढे चार पक्षी, मकाव आणि काकाकुवा यांसारखे भडक, पोपटकुळातले. हे पक्षी खरे नाहीत. जुन्या छापील चित्रांतून कापून लाकडाच्या पातळ तुकड्यांवर चिकटवलेले आहेत. त्यांच्यावर नंबराच्या गोल चकत्या. मागे फ्रेंच मजकुराचे छापील कपटे. तळाशी गळून पडलेली पिसं. आणि काच मधोमध फुटलेली, गोळी आरपार गेल्यावर फुटते तशी, भोवती तडे. मागच्या भिंतीवर रंगांचे शिंतोडे.

या कामाचं नाव 'हॅबिटॅट ग्रुप फॉर अ शूटिंग गॅलरी'. आपल्या भाषेत 'नेमबाजीच्या स्टॉलसाठी अधिवास-देखावा' म्हणू. साल १९४३. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डे मॉइन आर्ट सेंटरकडे ती आहे. करणारा जोसेफ कॉर्नेल.

कॉर्नेलची माहिती थोडक्यात, कारण ती कुठेही मिळते. जन्म १९०३, न्यूयॉर्क राज्यातलं न्याक गाव. वडील १९१७ साली गेले. अँडोव्हरच्या फिलिप्स अकॅडमीत शिकला पण प्रमाणपत्र न घेताच बाहेर पडला आणि लोकरी कापडाचा विक्रेता झाला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण शून्य. मॅनहॅटनमध्ये गिऱ्हाइकांच्या फेऱ्या मारताना मधल्या वेळात जुनी पुस्तकं, छापचित्रं, तबकड्या, फिल्मची रिळं असं काय काय धुंडाळत बसायचा. फोर्थ अव्हेन्यूवर तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानांची रांगच होती. १९३१ साली ज्युलियन लेव्हीच्या गॅलरीत मॅक्स अर्न्स्टची कोलाजं पाहिली, घरी जाऊन स्वतः करून बघितली, लेव्हीला नेऊन दाखवली. जानेवारी १९३२ मध्ये त्याच गॅलरीतल्या अतिवास्तववादी प्रदर्शनात त्याची कामं लागलीसुद्धा. १९२९ पासून १९७२ साली मरेपर्यंत तो क्वीन्समधल्या युटोपिया पार्कवे नावाच्या रस्त्यावर एका छोट्या घरात राहिला, आई आणि धाकटा भाऊ रॉबर्ट यांच्याबरोबर. रॉबर्टला सेरेब्रल पाल्सी होती.

आता परत पेटीकडे.

'हॅबिटॅट ग्रुप' हा कॉर्नेलने जुळवलेला काव्यात्म शब्द नव्हे, तो आपल्या धंद्यातला शब्द आहे. निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयात काचेमागे पेंढा भरलेले प्राणी, खरी किंवा मेणाची झाडं आणि मागे रंगवलेलं आकाश असा जो देखावा असतो, त्याला हे नाव आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत फ्रँक चॅपमनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्ष्यांचे असे देखावे उभे केले. त्यामागचा विचार चांगला होता: पक्षी सुटा दाखवू नका, तो जिथे राहतो ती जागा दाखवा. कॉर्नेलचं या संग्रहालयात जाणं-येणं होतं. शब्द त्याने तिथूनच उचलला असणार.

आणि 'शूटिंग गॅलरी' म्हणजे जत्रेतला नेमबाजीचा स्टॉल. आपल्याकडे फुगे लावलेले असतात, तिकडे पत्र्याचे पक्षी आणि बदकं. पाडा आणि बक्षीस घ्या.

हे दोन शब्द एका नावात आणून ठेवले की काय होतं बघा. मधला दुवा कॉर्नेल सांगत नाही, पण प्राणिशास्त्र शिकलेल्या माणसाला तो लगेच दिसतो. संग्रहालयातला पक्षी तिथे आला कसा? कुणीतरी आधी गोळी घातली म्हणून. एकोणिसाव्या शतकातली ती देखणी पक्ष्यांची पुस्तकं, ज्यांच्यातून असली चित्रं कापता येतात, तीही बहुतेक मारलेल्या नमुन्यांवरूनच काढलेली. आपले सलीम अली पक्ष्यांकडे वळले तेसुद्धा लहानपणी एअरगनने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीमुळे. ती ओळखता येईना म्हणून ते मुंबईच्या बीएनएचएसमध्ये गेले आणि तिथे मिलार्डसाहेबांनी त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो आणि ती कौतुकाचीच आहे. पण तिच्यातही सुरुवात गोळीपासून आहे.

आता नंबराची चकती. मला या पेटीत सगळ्यांत जास्त अडकवून ठेवलं ते तिने. मी कीटकांच्या वर्गीकरणावर काम करते. जाळीने पकडायचा, इथाइल अ‍ॅसिटेटच्या बाटलीत टाकायचा, मग टाचणीवर लावायचा आणि खाली लेबल: ठिकाण, तारीख, पकडणाऱ्याचं नाव, नंबर. आमच्याकडे लेबल नसलेल्या नमुन्याला काही किंमत नाही. तो कितीही सुंदर असू दे, पेपरमध्ये जाणार नाही. म्हणजे नंबर ही आमच्या दृष्टीने इज्जत आहे, त्या मेलेल्या जिवाला ज्ञानाच्या जगात मिळालेली जागा. नेमबाजीच्या स्टॉलवरचा नंबर मात्र वेगळा, तो गुण सांगतो. हा पाडलात तर इतके, तो पाडलात तर तितके.

कॉर्नेलच्या चकतीवर नुसता आकडा आहे. नमुना क्रमांक की गुण, ते कळायला मार्ग नाही. आणि माझ्या मते सगळी पेटी या न कळण्यावर उभी आहे. हा प्रश्न त्याने सोडवला असता, म्हणजे एखादं खरं संग्रहालयाचं लेबल लावलं असतं किंवा खरी स्टॉलवरची पाटी लावली असती, तर पेटी एका वाक्यात सांगता आली असती. मग ती बघायची कशाला?

अजून एक बारीक गोष्ट. मकाव मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, काकाकुवा ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाकडचे. रानात यांची गाठ पडणं शक्य नाही. नावात अधिवास आहे आणि आत असे पक्षी आहेत ज्यांचा अधिवास एक नाहीच. ते एकत्र येऊ शकतात ते फक्त पक्ष्यांच्या बाजारात, पिंजऱ्यात, पुस्तकाच्या पानावर किंवा अशा पेटीत. कलासमीक्षकांना पक्ष्यांच्या भूगोलाशी देणंघेणं नसतं हे मी समजू शकते. पण तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात, तुम्हाला हे दिसायला हवं. आपल्या विषयाचं ज्ञान दुसऱ्याच्या अंगणात कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

पिसांचंही तसंच. पक्षी कागदाचे आहेत. कागदाच्या पक्ष्याला गोळी लागली तर भोक पडेल, पीस गळणार नाही. पत्र्याच्या पक्ष्याचंही नाही. मग तळाशी पिसं कुणाची? चित्रातल्या पक्ष्याला मारल्यावर खऱ्या पक्ष्याचं पीस पडतं, असा हा उलटा हिशेब आहे. आणि भिंतीवरचे शिंतोडे नीट बघा. नुसता लाल असता तर रक्त म्हणून आपण मोकळे झालो असतो. पण पिवळा आहे, निळा आहे. म्हणजे जखमेतून पक्ष्याचा रंगच उडाला आहे, ज्या रंगासाठी त्याला पिंजऱ्यात ठेवतात, पुस्तकात छापतात आणि स्टॉलवर टांगतात तोच रंग.

आता इथे एक नेहमीचा प्रश्न येतो. १९४३ साल, फ्रेंच कागद, बंदुकीची गोळी. पॅरिस तेव्हा जर्मनांच्या ताब्यात. अर्न्स्ट, ब्रेताँ, दुशाँ अशी मंडळी १९४१-४२ मध्ये जीव वाचवून न्यूयॉर्कला आलेली, आणि कॉर्नेलची त्यांच्यापैकी काहींशी ऊठबस. त्याच वर्षी काही महिने तो स्वतः युद्धाशी संबंधित उत्पादन करणाऱ्या कारखान्यात कामाला होता. तर मग ही पेटी युद्धाबद्दल आहे, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. चूक आहे का? अजिबात नाही. पण हे वाचन किती पुरावा सांभाळतं ते तपासू. फुटलेली काच सांभाळतं. फ्रेंच कपटे सांभाळतं. नंबर? ओढूनताणून. वेगवेगळ्या खंडांतले पक्षी? निर्वासित म्हणता येतील, पण तिथे आपण पुराव्यापेक्षा हुशारीवर जास्त चालतो आहोत. आणि नावाचं काय? नाव तर युद्धाकडे बोटच दाखवत नाही. युद्धाचं वाचन ठेवावं, पण ते पेटीच्या बाहेरून आणलेलं आहे हे लक्षात ठेवून. नाव, चकती आणि पिसं या तिन्ही गोष्टी पेटीतच आहेत, त्यांना आधी मान.

व्हायवाला बसाल तेव्हा हाच प्रश्न येईल, फक्त पक्ष्यांऐवजी तुमचा डेटा असेल: हे तुम्हाला डेटात दिसलं की तुम्ही ते डेटावर ठेवलं?

कॉर्नेलवर लिहिणारे पेटीच्या बाहेरून ज्या गोष्टी आणतात त्यांत सगळ्यांत जड म्हणजे त्याचं चरित्र. एकाकी माणूस, लग्न नाही, करडी आई, अंथरुणाला खिळलेला भाऊ, रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून पेट्या करणारा. गोष्ट म्हणून ही इतकी चांगली आहे की कुणालाच सोडवत नाही. पेटीत पिंजरा दिसला की घर, पोपट दिसला की भाऊ, खिडकी दिसली की सुटकेची इच्छा. मला याचा राग येतो. एकच कारण सगळ्या पेट्यांना लागू पडत असेल तर एक पेटी चांगली आणि दुसरी बरी का, हे त्या कारणाने कधीच सांगता येणार नाही. भाऊ दोन्ही पेट्या करताना तोच होता. जो घटक बदलतच नाही तो फरकाचं स्पष्टीकरण कसा देईल? आपण स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या सेमिस्टरला हे शिकतो आणि चित्रांपुढे उभं राहिलं की विसरतो.

शिवाय ती गोष्ट तितकीशी खरीही नाही. दुनियेपासून तुटलेला माणूस १९३२ साली न्यूयॉर्कच्या सर्वांत पुढारलेल्या गॅलरीत स्वतःचं प्रदर्शन भरवत नाही. १९३६ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या 'फँटॅस्टिक आर्ट, दादा, सर्रिअॅलिझम' प्रदर्शनात त्याचं काम लागतं. १९४० च्या दशकात तो मासिकांसाठी मांडणी आणि चित्रांची कामं करत होता, 'डान्स इंडेक्स'चे अंक सजवत होता, आणि दुशाँच्या त्या प्रसिद्ध सुटकेसमधल्या छोट्या संग्रहालयाच्या प्रती जुळवायला मदत करत होता. तो लाजाळू होता, पण त्याला बाजूच्या जगात काय चाललं आहे याची पूर्ण खबर होती.

दुसरा मोठा वाद: हा अतिवास्तववादी की नाही? वर्गीकरणवाल्यांना हा वाद घरचाच. १९३६ च्या त्या प्रदर्शनाच्या वेळी त्याने संग्रहालयाच्या आल्फ्रेड बारला कळवलं होतं की त्यांच्या कामाबद्दल आदर आहे, पण सुप्त मन आणि स्वप्नांचे त्यांचे सिद्धांत आपल्याला मान्य नाहीत, आपल्याला अधिकृत अतिवास्तववादी समजू नये. झालं, एवढ्यावर काही जण फाइल बंद करतात. पण एखाद्या प्राण्याने स्वतःची जात सांगितली म्हणून आपण ती लावत नाही, लक्षणं बघतो. त्याच वर्षीचा मेरेट ओपनहाइमचा केसाळ कातड्याने मढवलेला कप-बशी-चमचा आठवा. तिथे दोन गोष्टी एकमेकींना भिडतात आणि तुमच्या जिभेवर शिसारी येते. झटका देणं हे तिथे काम आहे. कॉर्नेलची १९३६ ची 'सोप बबल सेट' पेटी घ्या: चंद्राचा फ्रेंच नकाशा, मातीची चिलीम, पेल्यात ठेवलेलं अंडं, बाहुलीचं डोकं. वस्तू तितक्याच बेजोड, पण झटका नाही. चंद्र गोल, अंडं गोल, डोकं गोल, आणि चिलमीतून साबणाचा फुगा सोडला तर तोही गोल, पण तो पेटीत नाहीच, तो आपण मनात फुगवायचा. अतिवास्तववाद्यांचं साहित्य हेच, कृती वेगळी. ते दोन वस्तूंमधली दरी दाखवतात, हा त्यांच्यातलं साम्य शोधून ठेवतो. माझं मत विचाराल तर कुळ तेच, प्रजाती वेगळी. आणि 'हॅबिटॅट ग्रुप'मध्ये मात्र तो झटका देतोच, त्यामुळे 'कॉर्नेल म्हणजे सौम्य, गोड' हे लक्षणही टिकत नाही.

'सापडलेल्या वस्तू' या शब्दाबद्दलही थोडं सावध राहा. वाचणाऱ्याला वाटतं की भंगारातून काही उचललं आणि पेटीत ठेवलं. प्रत्यक्षात पेट्या करायच्या म्हणून हा माणूस तिशी उलटल्यावर शेजाऱ्याकडून सुतारकाम शिकला. रंगाचे थरावर थर द्यायचा, पेटी ओव्हनमध्ये तापवायचा, उन्हापावसात ठेवायचा, म्हणजे नवं लाकूड शंभर वर्षांचं दिसावं. मेदिची घराण्यावरून नाव दिलेल्या त्याच्या पेट्यांत रेनेसाँस काळातल्या चित्रांतले चेहरे दिसतात, ते बहुतेक पुस्तकातल्या छायाचित्रांवरून काढलेल्या फोटोस्टॅट प्रती आहेत. एकच चेहरा त्याने अनेक पेट्यांत वापरला. म्हणजे जुनेपण तयार केलेलं, आणि 'सापडलेलं' पुन्हा पुन्हा छापून घेतलेलं. कच्चा माल वाटतो तेवढा कच्चा कुठेच नसतो.

घराच्या तळघरात त्याने खोक्यांवर खोकी रचून, वर नावं लिहून हे सगळं लावून ठेवलेलं होतं. आणि त्याशिवाय फायली. त्यांना तो डोसिए म्हणायचा: एकेक नटी, नर्तकी, विषय यांच्यावर वर्षानुवर्षं गोळा केलेली कात्रणं, टिपणं, चिठ्ठ्या. काही फायलींच्या पेट्या झाल्या. कित्येकांच्या झाल्याच नाहीत. लिटरेचर रिव्ह्यूसाठी पाचशे पीडीएफ उतरवून ठेवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, ओळखीचं वाटतंय ना? मला फायली पेट्यांपेक्षा कमी आवडतात, हे इथे सांगून टाकते. हल्ली त्यांचं फार कौतुक होतं, अर्काइव्ह हाच कलाकृती वगैरे. फायलीत सगळंच राहतं म्हणून तिथे काहीच ठरत नाही. पेटीला ११ सेंटिमीटरची खोली आहे. तिथे काय ठेवायचं नाही हे ठरवावं लागतं.

काढून टाकण्यातला कॉर्नेल किती धारदार होता हे बघायचं तर त्याचा १९३६ चा 'रोझ होबार्ट' हा चित्रपट बघा. 'ईस्ट ऑफ बोर्निओ' हा १९३१ चा तद्दन धंदेवाईक बोलपट त्याने विकत घेतला, कापला, गोष्ट पार काढून टाकली आणि जवळजवळ फक्त नायिका ठेवली. १९ मिनिटं. निळ्या काचेतून, मूकपटाच्या संथ गतीने, वर ब्राझिली संगीताची तबकडी. पहिल्या खेळाला साल्व्हादोर दाली एवढा चिडला की त्याने प्रोजेक्टर पाडला. ही कल्पना माझ्याच डोक्यात होती, म्हणे. स्कूप झालेल्या पीएचडीवाल्याचं दुःख कुणाला चुकलेलं नाही.

पण या चित्रपटाशीच माझा मोठा आक्षेप सुरू होतो. कॉर्नेलच्या पेट्यांत बायका फार आहेत, आणि त्या जवळजवळ सगळ्या दूरच्या, न भेटलेल्या किंवा मेलेल्या. 'ताल्योनीज ज्वेल कॅस्केट' ही १९४० ची पेटी एकोणिसाव्या शतकातल्या नर्तकीची: मखमलीच्या पेटीत काचेचे बर्फाचे खडे आणि गळ्यातला हार, रशियातल्या बर्फात दरोडेखोरासमोर ती नाचली या आख्यायिकेसाठी. ही मला आवडते. तिच्यात नर्तकीचं चित्रच नाही, फक्त गारवा आहे. उलट १९४५-४६ ची लॉरेन बकॉलची पेटी. निळ्या काचेमागे मध्यभागी तिचा चेहरा, भोवती लहानपणापासूनचे छोटे फोटो, वरून सोडलेला लाकडी गोळा उतारांवरून घरंगळत खाली येतो. यंत्र म्हणून कमाल आहे. पण वीस-एकवीस वर्षांच्या खऱ्या, जिवंत मुलीची कात्रणं जमवून तिचं बालपण काचेमागे क्रमाने लावणं हे भक्तीच्या नावाखाली केलेलं टाचणीवर लावणंच आहे. समीक्षक याला उपासना म्हणतात. मला त्यात आमची कीटकपेटी दिसते, आणि आमच्या पेटीत निदान तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं.

गंमत म्हणजे ही शंका कॉर्नेललाही होती असं मला वाटतं, आणि तिचा पुरावा 'हॅबिटॅट ग्रुप' हाच आहे. ज्याने आयुष्यभर सुंदर गोष्टी काचेमागे ठेवल्या, त्याने एकदा ती काच स्वतः फोडून दाखवली. बकॉलची पेटी त्यानंतरची आहे, म्हणजे शंका आली तरी सवय सुटली नाही. माणसांचं असंच असतं.

एक अडचण बघणाऱ्यांच्या बाजूचीही आहे. आपण इथे बसून या पेट्या फोटोतच बघणार. फोटोत खोली जाते, काचेवरचं प्रतिबिंब जातं, आवाज जातो. पण अमेरिकेत संग्रहालयात जाऊन बघणाऱ्यालाही सगळं मिळत नाही. यातल्या कित्येक पेट्या हलवायच्या होत्या. वाळूच्या पेट्या वाकड्या केल्या की वाळू सरकून नवी नक्षी होते. गोळे घरंगळतात, कप्पे उघडतात. संग्रहालयात त्या स्क्रूने घट्ट, वर पुन्हा एक काच. जतन करणाऱ्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, चाळीस हातांनी वाळू हलवली तर पेटी राहणारच नाही. पण जे जपलं जातं ते पेटीचं अर्धंच अंग आहे, हे टीपेत तरी लिहावं. कॉर्नेलने मरणाच्या वर्षी, १९७२ मध्ये, न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये खास मुलांसाठी प्रदर्शन भरवलं होतं. पेट्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावल्या आणि उद्घाटनाला वाइनऐवजी ब्राउनी आणि चेरी कोक. आपली खरी बघणारी मंडळी कोण, हे त्याने तिथे सांगून टाकलं.

तुम्हाला स्वतः काही करून बघायचं असेल तर एक सुचवते. स्मिथसोनियनच्या अर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टने कॉर्नेलची कागदपत्रं स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवली आहेत, फुकट बघता येतात. पण तिकडे नंतर जा. आधी 'हॅबिटॅट ग्रुप'चा एक चांगला फोटो शोधा आणि त्याच्या शेजारी 'टोवर्ड द ब्लू पेनिन्सुला' ही साधारण १९५३ ची पेटी ठेवा. ती त्याने कवयित्री एमिली डिकिन्सनसाठी केली. दोन्हींत दिसतील त्या वस्तूंची यादी कागदावर करा, विशेषणं न लावता. पहिलीची यादी पानभर होईल. दुसरीत पांढऱ्या भिंती, तारेची जाळी, बसायची दांडी, दोन-चार छापील कपटे आणि मागे एक छोटी खिडकी. खिडकीत निळं. पक्षी नाही, नंबर नाही, पीसही नाही. जाळी एका ठिकाणी कापलेली आहे. ती आतून कापली की बाहेरून, यावर तुमचं मत पुराव्यासह लिहा. मला वाचायला आवडेल.